डीबगरच्या स्क्रिप्टिंगमध्ये इव्हेंट कॉलबॅक जोडणारा पॅच आला, तर रिव्ह्यूत काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीमचा स्वतःचा डीबगर आहे, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन. गाभा सी प्लस प्लसचा, आत पायथन बसवलेलं. एका सहकाऱ्याने पॅचमध्ये (कोडमधल्या बदलांच्या संचात) स्क्रिप्टला ऐकता येतील असे तीन नवे इव्हेंट जोडलेत, म्हणजे ती घटना घडली की स्क्रिप्टने नोंदवलेलं फंक्शन, कॉलबॅक, बोलावलं जातं: ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) बदलला किंवा काढला, डीबगरने मेमरीत काही लिहिलं, आणि एखादी लायब्ररी प्रोसेसमधून उतरली. कोड नीटनेटका आहे, टेस्ट हिरव्या आहेत, तरी मंजुरी द्यायला हात धजत नाही. नेमकं काय तपासायचं?

हात धजत नाही ते योग्यच आहे. एरवी रिव्ह्यू करताना आपण बघतो की समोरचा कोड काय करतो. इथे जो कोड सर्वांत जास्त नुकसान करू शकतो तो पॅचमध्ये नसतोच. तो उद्या कोणीतरी लिहिणार आहे, आणि आपल्या फंक्शनच्या अगदी मधोमध, आपला डेटा अर्धवट बदललेला असताना चालणार आहे. म्हणून मी पॅच वरून खाली वाचतच नाही. आधी प्रत्येक इव्हेंट जिथून पाठवला जातो ती ओळ शोधतो आणि तिच्या जागी मनात लिहितो: "इथे काहीही होऊ शकतं. ब्रेकपॉइंट उडतील, मेमरी बदलेल, प्रोसेस मारली जाईल, कॉलबॅक स्वतःलाच काढून टाकेल, एरर येईल." मग त्या ओळीच्या खालचा कोड वाचायचा. त्या ओळीआधी घेतलेला आणि नंतर वापरलेला प्रत्येक पॉइंटर, इटरेटर, 'सध्याचा थ्रेड' म्हणून जपलेली प्रत्येक गोष्ट संशयित धरायची. या एकाच सवयीने निम्म्याहून जास्त चुका हाती लागतात, असा माझा अनुभव आहे.

ब्रेकपॉइंट काढण्याचंच घ्या. असा पॅच आला की त्यातलं फंक्शन बहुतेक वेळा या क्रमाने जातं: क्रमांकावरून ब्रेकपॉइंट शोधला, पॉइंटर हातात घेतला, प्रोग्राममधली खूण पुसली, 'काढला' हा इव्हेंट पाठवला, मग यादीतून काढून डिलीट केलं. वाचायला अगदी सरळ. आता कोणाच्या तरी कॉलबॅकने त्याच ब्रेकपॉइंटवर डिलीट बोलावलं, तर आतलं डिलीट पूर्ण होऊन परत येतं आणि बाहेरचं तीच मेमरी दुसऱ्यांदा मोकळी करतं. "असं कोण करेल?" हा प्रश्न विचारायचा नाही. एकत्र लावलेले पाच ब्रेकपॉइंट एकदम काढणारी स्क्रिप्ट असते. त्यातला एक गेला की उरलेले काढायचे, एवढंच ती म्हणते, आणि गटात गेलेलाही असतोच. इव्हेंट डिलीटच्या नंतर पाठवला तर उलटी पंचाईत होते: कॉलबॅकच्या हातात मेलेली वस्तू जाते.

मी सुचवतो तो क्रम असा. आधी यादीतून बाहेर काढा म्हणजे दुसऱ्या कोणाला तो सापडणार नाही, 'काढला जातोय' अशी खूण करा, मग इव्हेंट पाठवा, मेमरी सर्वांत शेवटी मोकळी करा. त्यासोबत एक निर्णय लेखी हवा: इव्हेंटच्या क्षणी ती वस्तू वाचता येते की नाही? जीडीबी या प्रसिद्ध डीबगरच्या मॅन्युअलने ब्रेकपॉइंट काढल्याच्या इव्हेंटबद्दल स्पष्ट सांगितलंय की तोवर वस्तू अवैध झालेली असते, वैधता विचारली तर 'नाही' असं उत्तर मिळतं. लायब्ररीच्या फाइलसाठी मात्र त्याच जीडीबीचा इव्हेंट 'आता काढली जाणार आहे' या अर्थाचा आहे, उदाहरणार्थ प्रोग्रामने डीएलक्लोज (लायब्ररी उतरवणारं फंक्शन) बोलावलं तेव्हाचा. म्हणजे एकाच साधनात एक इव्हेंट घटनेनंतरचा आणि एक घटनेआधीचा. दोन्ही चालतात, पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला नावावरून ते कळत नाही. तुमच्या पॅचमधल्या तिन्ही इव्हेंटचा काळ, झालंय की होणार आहे, नावातच दिसावा असा आग्रह धरा. जमत नसेल तर निदान दस्तऐवजाच्या पहिल्या वाक्यात यावा.

आता कॉलबॅकची यादी. ही चूक इतकी नेमाने येते की मी ती शोधायलाच बसतो. समजा ऐकणारे तीन आहेत: अ, ब, क. लूप शून्यापासून सुरू. अ ला एकदाच काम करायचं होतं, म्हणून तो आपल्या कॉलमध्येच स्वतःला यादीतून काढतो. यादी राहिली ब, क. लूपचा आकडा एकवर गेला आणि एकवर आता क आहे. ब ला कोणी हाक मारलीच नाही. क्रॅश नाही, मेसेज नाही, ब लिहिणारा मात्र आपल्या स्क्रिप्टमध्ये दोन दिवस चूक शोधत बसतो. जीडीबी यासाठी इव्हेंट पाठवण्याआधी यादीची प्रत काढतं आणि प्रतीवरून फिरतं. त्याचा आणखी एक फायदा आहे. पायथन वस्तू जिवंत ठेवतं ते तिला धरणारे रेफरन्स मोजून. त्याच्या सी एपीआयमध्ये (सी मधून पायथन वापरायच्या फंक्शनांत) यादीतून घटक मागणारं नेहमीचं फंक्शन उसना रेफरन्स देतं, स्वतःचा देत नाही. मूळ यादीवरून फिरताना कॉलबॅकने स्वतःला काढलं आणि तो शेवटचाच रेफरन्स असला, तर चालू असलेली वस्तूच हातातून जाते. प्रत काढली की प्रतीकडेही एक रेफरन्स राहतो आणि हा धोका टळतो.

प्रतीमुळे एक नवा प्रश्न मात्र येतो. अ ने ब ला काढलं तरी या फेरीत ब ला हाक जाणारच, कारण प्रतीत तो आहे. मला हे मान्य आहे, फक्त ते लिहिलेलं आणि टेस्टने बांधलेलं हवं.

एररचं धोरण झटपट ठरतं. एका कॉलबॅकमध्ये अपवाद (एक्सेप्शन) उठला तर त्याचा माग छापायचा आणि पुढच्याला हाक मारायची. जीडीबी हेच करतं आणि मला दुसरं काही पटत नाही, कारण एकाच्या स्क्रिप्टमधली टायपिंगच्या चुकीने दुसऱ्याचं साधन बंद पडता कामा नये. इथे रिव्ह्यूत बघायची खरी जागा दोन भाषांची सीमा आहे. कॉलबॅकने डीबगरचं फंक्शन बोलावलं, तिथे सी प्लस प्लसचा अपवाद उडाला, आणि तो पायथनच्या सी मध्ये लिहिलेल्या फ्रेम (चालू फंक्शन-कॉलच्या नोंदी) ओलांडून वर गेला तर इंटरप्रिटरची अवस्था सांगता येत नाही. सीमेवरच्या प्रत्येक फंक्शनने तो पकडून पायथनचा अपवाद करून द्यायला हवा. जीडीबीत मेमरी वाचता आली नाही तर वेगळा अपवाद मिळतो, आणि वापरणाऱ्याने कंट्रोल-सी दाबलं तर कीबोर्ड इंटरप्ट मिळतो. पॅचमधल्या नव्या फंक्शनांपैकी एकात जरी हा पकडण्याचा भाग राहिला असेल तर मी तिथेच थांबतो. कंट्रोल-सीची हाताने चाचणी करून बघा: कॉलबॅकमध्ये कधीही न संपणारा लूप टाका आणि बाहेर पडता येतं का ते पाहा.

रेफरन्स काउंटबद्दल फार लांबवत नाही. साध्या रस्त्यावर तो बहुधा बरोबर असतो. चूक असते ती मधूनच परतण्याच्या रस्त्यांवर. इव्हेंटची वस्तू बनली, पहिला गुणधर्म बसला, दुसरा बसताना अपयश आलं, रिटर्न. पहिली वस्तू कोणी सोडली? स्मार्ट पॉइंटर (रेफरन्स आपोआप सोडणारे) वापरले असतील तर प्रश्नच मिटतो. नसतील तर तेच मागा. मॉड्यूलमध्ये नवा इव्हेंट जोडणारी ओळही बघा. पायमॉड्यूल-ॲडऑब्जेक्ट हे फंक्शन यशस्वी झालं तरच रेफरन्स ताब्यात घेतं, फसलं तर तो आपल्याकडेच उरतो. ही विषमता माहीत नसल्यामुळे भरपूर कोड चुकीचा लिहिला गेलाय.

आता मेमरीच्या इव्हेंटकडे येऊ, कारण तुमच्या पॅचमध्ये मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. तो कोणत्या पातळीवरून पाठवलाय? सहकाऱ्याने तो सर्वांत खालच्या 'बाइट लिहा' फंक्शनमध्ये टाकला असेल, तर त्याला ते सोयीचं वाटलं असणार: एकच जागा, काही सुटणार नाही. पण सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट लावणं म्हणजे मेमरीत लिहिणंच असतं. एक्स-८६ प्रोसेसरवर मूळ सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी एक बाइटची ट्रॅप सूचना, म्हणजे प्रोग्राम थांबवणारी, जाते. जीडीबी तर नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रोग्राम थांबला की या खुणा पुसतं आणि पुढे सोडताना पुन्हा लावतं. तुमचा डीबगरही तसं करत असेल तर वीस ब्रेकपॉइंट असलेल्या सत्रात प्रत्येक थांब्याला वीस आणि प्रत्येक सुटण्याला वीस असे 'मेमरी बदलली' इव्हेंट जातील, आणि त्यातला एकही वापरणाऱ्याच्या कामाचा नसेल. त्याहून वाईट म्हणजे ते अशा वेळी जातील जेव्हा निम्म्या खुणा लागल्यात आणि निम्म्या बाकी आहेत. त्या क्षणी कॉलबॅकने त्या पत्त्यावरची मेमरी वाचली तर काय दिसेल याची खात्री देणं कठीण आहे. जीडीबीत हा इव्हेंट वापरणाऱ्याने डीबगरमधून मेमरी बदलली तरच येतो, आणि त्यासाठी लिहून वर कळवणारं वेगळं फंक्शन आहे. तसाच वरचा थर तुमच्याकडे शोधा.

याच इव्हेंटमध्ये दुसरा खड्डा पुनरावृत्तीचा. कॉलबॅकने मेमरीत लिहिलं की इव्हेंट पुन्हा येणार, मग पुन्हा कॉलबॅक, आणि स्टॅक संपेपर्यंत हेच. तीन मार्ग आहेत: होऊ द्यायचं, आतले इव्हेंट गिळायचे, किंवा रांगेत ठेवून बाहेरची फेरी संपल्यावर द्यायचे. गिळणं मला मान्य नाही. त्याने दुसऱ्या ऐकणाऱ्याला खरी घटना कळतच नाही. रांगेत आलेला इव्हेंट पोहोचेपर्यंत शिळा होतो. मी बहुतेक वेळा पहिला मार्ग घेतो आणि दस्तऐवजात ठळक ताकीद लिहितो. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, पण निर्णय झालेला हवा. सहकाऱ्याला विचारा, "इथे काय व्हावं असं तुला वाटतं?" उत्तर द्यायला वेळ लागला तर ते अजून ठरलेलं नाही असं समजा.

इथे माझा एक अनुभव सांगतो, कारण तेव्हापासून माझी रिव्ह्यूची पद्धतच बदलली. एका डीबगरमध्ये 'प्रोग्राम थांबला' हा इव्हेंट जोडणारा पॅच मी मंजूर केला होता. इव्हेंट जात होता तो थांब्याचं कारण ठरल्यावर, पण 'सध्याचा थ्रेड' नव्याने निवडण्याच्या दोन ओळी आधी. टेस्टचा प्रोग्राम एकाच थ्रेडचा, त्यामुळे सगळं हिरवं. प्रत्यक्षात लोकांच्या प्रोग्रामला अनेक थ्रेड. त्यांच्या कॉलबॅकने लोकल व्हेरिएबल छापलं की ते आधीच्या थ्रेडमधलं निघायचं. किंमत चुकीची, पण दिसायला पटण्यासारखी. कोणालाही डीबगरवर शंका आली नाही, सगळ्यांनी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधली. डीबगर कोसळला तर माणूस तो पुन्हा चालू करतो. डीबगर खोटं बोलला तर माणूस आपला बरोबर असलेला कोड बदलतो. म्हणून आता इव्हेंट पाठवण्याच्या प्रत्येक ओळीवर मी एक टिप्पणी लिहूनच मागतो: या क्षणी कोणता थ्रेड निवडलेला आहे, कोणती फ्रेम, रजिस्टरची साठवलेली प्रत ताजी आहे की नाही, आणि इथून प्रोग्राम पुढे सोडायची परवानगी आहे की नाही. हे चार मुद्दे लिहिता आले नाहीत तर ती ओळ चुकीच्या जागी आहे.

परवानगीचा मुद्दा जरा उलगडतो. काही कॉलबॅक नुसती बातमी देतात, काही निर्णय मागतात. जीडीबीत ब्रेकपॉइंटच्या क्लासमध्ये स्टॉप नावाची मेथड लिहिता येते. तिने खरं परत केलं तर प्रोग्राम थांबतो, खोटं केलं तर पुढे जातो. मॅन्युअल बजावतं की या मेथडमध्ये प्रोग्रामची चाल बदलू नका, फ्रेम बदलू नका, ब्रेकपॉइंट जोडू किंवा काढू नका. त्याच जीडीबीचे इव्हेंट मात्र बातमीपुरते आहेत. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये ब्रेकपॉइंटच्या कॉलबॅकने पायथनचं 'खोटं' परत केलं की थांबायचं नाही असा अर्थ होतो, आणि त्याशिवाय ब्रॉडकास्टर, लिसनर अशी वेगळी व्यवस्था आहे, जिथे स्क्रिप्ट आपल्या गतीने रांगेतून इव्हेंट उचलते. विंडोजच्या डीबगर इंजिनमध्ये कॉलबॅकच्या परत येणाऱ्या किमतीवरून पुढे काय करायचं ते ठरतं, आणि ऐकणारा आधीच आपल्याला कोणते इव्हेंट हवेत ते सांगून ठेवतो. तुमच्या पॅचमधले तिन्ही बातमीचे आहेत. मग परत आलेली किंमत निमूट टाकून द्या आणि तसं लिहा. आज कोणी चुकून 'खोटं' परत केलं आणि काही झालं नाही, तर उद्या त्याला अर्थ देता येणार नाही, कारण लोकांच्या स्क्रिप्ट तोवर कशावरही विसंबलेल्या असतील.

हीच गोष्ट कॉलबॅकला काय द्यायचं याची. जीडीबीत पायथनमधून प्रोसेसचे इव्हेंट ऐकायची सोय ७.३ या आवृत्तीत, २०११ मध्ये आली. ब्रेकपॉइंटवर थांबल्याच्या इव्हेंटमध्ये ब्रेकपॉइंट असा एकवचनी गुणधर्म आहे. एकाच पत्त्यावर दोन ब्रेकपॉइंट असू शकतात, त्यामुळे अनेकवचनी यादीचा गुणधर्मही द्यावा लागला, आणि एकवचनी गुणधर्म जुन्या स्क्रिप्टसाठी अजून सांभाळला जातो. तुमच्या पॅचमध्ये जिथे एकवचन दिसेल तिथे विचारा: हे खरंच कायम एकच असेल का? प्रोग्राम संपल्याच्या इव्हेंटमध्ये एक्झिट कोड उपलब्ध नसेल तर जीडीबी तो गुणधर्मच ठेवत नाही, मग स्क्रिप्टला आधी तो आहे का ते तपासावं लागतं. मी म्हणेन, गुणधर्म नेहमी ठेवा आणि कोड नसेल तेव्हा नन (पायथनची 'काहीच नाही' ही किंमत) द्या. आणि ब्रेकपॉइंट बदलल्याच्या इव्हेंटला जीडीबी थेट ब्रेकपॉइंटची वस्तूच देतं, तिच्याभोवती इव्हेंटची वस्तू नाही. त्यामुळे नेमकं काय बदललं, अट की चालू-बंद, हे सांगायला जागाच उरत नाही. तुम्ही नव्याने करताय, तर तिन्ही इव्हेंटना स्वतंत्र वस्तू द्या, गुणधर्म नंतर वाढवता येतात.

थ्रेडबद्दल एकच सांगतो. डीबगरची सिम्बॉल वाचणारी कामं पार्श्वभूमीच्या थ्रेडवर चालत असतील, तर लायब्ररीचा इव्हेंट तिथून निघत नाही ना हे बघा. इंटरप्रिटरचं कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं) घेतलंय एवढ्यावर समाधान मानू नका, त्याने पायथन सुरक्षित होतं, तुमचा गाभा नाही. कॉलबॅक मुख्य थ्रेडवरच चालले पाहिजेत. जीडीबीत दुसऱ्या थ्रेडवरून काम मुख्य थ्रेडकडे सोपवायला पोस्ट-इव्हेंट नावाचं फंक्शन आहे. तुमच्याकडे तसं काही नसेल तर या पॅचच्या आधी ते लागेल.

ऐकणारं कोणी नसेल तर इव्हेंटची वस्तू बनवायचीच नाही, ही तपासणी सुरुवातीलाच हवी. मोठा प्रोग्राम उघडताना शेकडो लायब्ररी येतात, त्यातल्या प्रत्येकीसाठी कोणी न वाचणारी वस्तू बनवण्यात काय हशील?

टेस्ट हिरव्या आहेत म्हणालात, पण त्या काय तपासतात? बहुधा एक कॉलबॅक जोडून तो एकदा आला का, एवढंच. मी या टेस्ट मागेन: स्वतःला काढणारा कॉलबॅक, अपवाद टाकणारा पहिला आणि त्यामागे नीट चालणारा दुसरा, इव्हेंटमधलीच वस्तू डिलीट करणारा, मेमरीच्या इव्हेंटमध्ये मेमरी लिहिणारा, अनेक थ्रेडचा प्रोग्राम, आणि फोर्क करणारा, म्हणजे स्वतःची दुसरी प्रोसेस काढणारा, प्रोग्राम. शिवाय एकच स्क्रिप्ट दोनदा लोड करण्याची टेस्ट. ही शेवटची कोणालाच सुचत नाही, पण वापरणारा रोज तेच करतो: स्क्रिप्ट बदलली, पुन्हा लोड केली. फंक्शनचं नाव तेच असलं तरी वस्तू नवी असते, जुनी यादीत तशीच राहते आणि तिला काढायला हातात नाव उरत नाही. प्रत्येक ओळ दोनदा, मग तीनदा छापली जाते. यावर डीबगरने काही करायलाच हवं असं नाही, पण यादीतले सगळे जोडलेले कॉलबॅक दाखवणारी एक कमांड दिली तर लोकांचे तासन्‌तास वाचतील.

टिप्पण्या लिहिताना क्रम सांभाळा. नावं आणि मोकळ्या जागांवरच्या सूचना पहिल्या फेरीत नकोत. इव्हेंटच्या जागा बदलल्या की तो कोड तसाही पुन्हा लिहिला जाणार आहे. पहिल्या फेरीत फक्त तीन ओळींवर बोला, जिथून तीन इव्हेंट निघतात, आणि सहकाऱ्याला प्रत्येकीवर ती चार मुद्द्यांची टिप्पणी लिहायला सांगा. मेमरीचा इव्हेंट वेगळ्या पॅचमध्ये काढायला सांगा, म्हणजे त्याचा थर ठरेपर्यंत बाकीचे दोन अडकणार नाहीत. दुसऱ्या फेरीत ब्रेकपॉइंट काढण्याचा क्रम आणि टेस्ट घ्या. दस्तऐवज त्याच पॅचमध्ये हवा. 'नंतर लिहितो' म्हटलं तर थांबा, कारण तो लिहिताना 'झालंय की होणार आहे' हे वाक्य अडलं, तर कोडमध्येही तेच अडलेलं असतं.